मखराच्या सावलीतले मासे

हौगांग, सिंगापूर
१९ एप्रिल

दादा,

साष्टांग नमस्कार. 'तीर्थरूप' मुद्दामच लिहिलं नाही. मागच्या पत्रांवर लिहिलं होतं, ती कुठल्या तीर्थात बुडाली देव जाणे. फोन तू घेत नाहीसच. वहिनी घेते, "हे गोठ्यात गेलेत हो भावजी" म्हणते आणि तिच्या मागून तुझा खोकला ऐकू येतो. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते तुझ्याकडे बघूनच म्हणत असावेत. असो. आज भांडायला बसलेलो नाही. मासे मिळाल्याचं सांगायला बसलोय, आणि ते तुला सोडून दुसऱ्या कोणाला सांगण्यात मजा नाही. सुलेखाला माशातलं फक्त तळलेलं कळतं. जाई सोळा वर्षांची घोडी झाली तरी तिला काटे मीच काढून देतो.

घरापासून जवळ एक रिझर्व्हायर आहे, पिण्याच्या पाण्याचा मोठा तलाव. त्याच्या एका काठाला गळ टाकायची परवानगी आहे. पाटी आहे, कठडा आहे. सिंगापूर आहे बाबा, इथे माशानेसुद्धा रांगेतच यायचं. रविवारी उजाडता उजाडता मी तिथे असतो. मासा पकडतो, डोळे भरून बघतो आणि सोडून देतो. तू म्हणशील, सोडायचा तर पकडायचा कशाला? ते मलाही नीट सांगता येणार नाही.

सध्या इथे नुसती भट्टी लागली आहे. पाऊस यंदा रुसलाय. काठाच्या दगडांवर पाण्याची जुनी रेघ दिसते आणि पाणी तिच्या बरंच खाली गेलंय. असल्या दिवसांत भलेभले गळवाले हात हलवत परत जातात. वरचं पाणी कढत, तळाला मासा गुदमरतो, म्हणून तो मधल्या थरात सावली गाठून गप्प पडून राहतो. आमिषामागे धावत नाही. त्याच्या नाकासमोर हळूहळू सोडावं लागतं, तेही अगदी सरळ खाली. आणि मला मिळतात, दादा! पीकॉक बास म्हणून एक पिवळाधमक मासा आहे, शेपटीवर मोराच्या पिसातला डोळा. दर रविवारी मिळतो. मध्ये तोमान लागला. तोमान म्हणजे आपल्या मरळीचा थोरला भाऊ, तुझ्यासारखाच रागीट. माझ्या शेजारी एक चिनी अंकल उभे राहतात. ते आधी मला हसायचे, आता म्हणतात, "वा, यू अगेन अह! हाऊ कम?" मी नुसता हसतो.

जागा माहीत असली की झालं. बाकी सगळं क्षेम. गणपती यंदा सप्टेंबरात आहेत, नवा मखर करायचा आहे. जुना आता नाही. वहिनीला नमस्कार सांग.

तुझा
शिरीष

हौगांग
१० मे

दादा,

उत्तर नाही. नसू दे. मी लिहीत राहीन, तू वाचत नसलास तरी वहिनी वाचत असेल. वहिनी, माझा नमस्कार, आणि याच्यासमोर जरा मोठ्याने वाचा.

जागा कशी सापडली ते मागे सांगितलं नव्हतं. सांगतो, पण ओरडायचं नाही. आठवतं, आपल्या नदीला पाणी तुटायला लागलं की तू कोंडात, त्या खोल डोहात, ऐनाच्या पानांसकट तोडलेल्या खांद्या घालायचास? खालच्या वाडीतली पोरं उन्हातान्हात गळ घेऊन हिंडायची आणि तू खांद्या दगडाला बांधून कोंडाच्या तळाला सोडायचास, वर येऊन विडी ओढत बसायचास. "मासा शोधायचा नाही रे, त्याला घर बांधून द्यायचं." मग आठवड्याने त्या सावलीत मळवे, मरळी, सगळी जत्रा. आमच्या ऑफिसात एक अमेरिकन आहे, तो म्हणतो त्यांच्याकडेही असंच करतात. नाताळ झाला की घरातलं झाड तळ्यात बुडवतात आणि उन्हाळ्यात त्याच्या फांद्यांत क्रॅपी नावाचा मासा गोळा होतो. मी म्हटलं, आमच्या दादाने हे अमेरिकेला शिकवलेलं दिसतंय.

इथे तळ्यात काडी टाकायची चोरी आहे. पण मी टाकलंय, दादा. मखर टाकला.

मासे पकडायला नव्हे, आईशपथ. मखर पाच वर्षांचा झाला होता. बांबूच्या कमानी, मागे प्लायवूड, वरून नायलॉनची जाळी आणि त्याला गुंडाळलेल्या लाइटच्या माळा. इथल्या दमट हवेने त्याला बुरशी धरली. सुलेखा म्हणाली, खाली ठेव, टाऊन काउन्सिलची माणसं जुन्या गाद्यांबरोबर घेऊन जातील. गाद्यांबरोबर! ज्यात गणपती बसला तो मखर लोकांच्या मुतऱ्या गाद्यांवर टाकायचा? आपल्याकडे निर्माल्यसुद्धा पायाखाली येऊ देत नाहीत. मूर्तीचं विसर्जन आम्ही बादलीत करतो, ते देवाने चालवून घेतलं. पण मखर काही बादलीत मावेना. मग एका सकाळी ट्रॉलीवर घालून नेला, दोन्ही पायांना माझे जुने डंबेल बांधले आणि काठावरच्या मोठ्या रेन ट्रीच्या खाली, जिथे पाणी दोन पुरुष खोल आहे, तिथे 'पुनरागमनाय च' म्हणून सोडून दिला. डंबेल पन्नाशीत उत्साहाने घेतले होते, त्यांचा एवढाच काय तो उपयोग झाला. सुलेखाला सांगितलं, देवळात दिला.

पुढच्या महिन्यात तिथे सहज गळ सोडला आणि मासाच मासा. तेव्हा मला तुझी ऐनाची खांदी आठवली, आणि हसू आलं, आणि मग वाईटही वाटलं. तू म्हणाला होतास, घराचा गणपती एक असतो, वेगळा केलास म्हणजे घरच वेगळं केलंस. मला रजा मिळत नव्हती रे. जाईची परीक्षा असायची. मी काय भांडून वेगळा केला होता का? तुझं ते वाक्य अजून घशात काट्यासारखं अडकून आहे.

तुझा
शिरीष

हौगांग
३१ मे

दादा,

आज मासे पकडले नाहीत. पकडावेसे वाटले नाहीत.

सकाळी गेलो तर अंकल कठड्याला वाकून पाण्यात बघत होते. रेन ट्रीच्या खाली, पाण्याच्या जरा आत, काहीतरी लोंबत होतं. मला आधी वाटलं प्लास्टिकची पिशवी. घोरपड होती, चांगली हातभर लांब. इथे तलावाकाठी घोरपडी कुत्र्यांसारख्या हिंडतात. माशांच्या मागे खाली गेली असणार. मानेला आणि पुढच्या पायांना लाइटची माळ गुंडाळली होती. जितकी ओढली असेल तितकी आवळत गेली असेल. माळेतले बारके दिवे तिच्या गळ्यात दिसत होते.

अंकलनी लांब काठीला चाकू बांधून माळ कापली. मला म्हणाले, "समथिंग डाउन देअर. नॉट गुड." मी म्हटलं, हो का? चेहरा अगदी साळसूद ठेवला. अंकलनी आपलं स्टूल उचललं आणि पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. आता त्या झाडाखाली कोणी उभं राहत नाही.

माळा काढून मग सोडायला हवा होता मखर. तेवढं सुचलं नाही. खांद्या बांधायला तू कधी दोरी वापरली नाहीस, ऐनाची साल सोलून तिनेच बांधायचास, ते मला आज कळलं. आणि पाऊस लागायच्या आत आपण खांद्या काढायचो. "घातलं ते आपणच काढायचं, नाहीतर कोंड माणूस मागतो," हे तू सांगायचास आणि मी मागून तुझी नक्कल करायचो.

घरी आलो तर जाई खुशीत. तिच्या शाळेचं कयाकिंग याच रिझर्व्हायरवर चालतं, पण पलीकडच्या काठाला. ती म्हणाली, "बाबा, पलीकडे पाणी फारच कमी झालंय, सो आफ्टर हॉलिडेज वी ट्रेन ऑन युवर फिशिंग साइड. यू कॅन वॉच मी! शिओक, राइट?" शिओक म्हणजे झक्कास. मी विचारलं, ट्रेनिंग म्हणजे काय काय करता? तर म्हणाली, नव्या मुलींना पहिल्या दिवशी कॅपसाइझ ड्रिल. म्हणजे होडी मुद्दाम उलटी करायची, डोकं खाली पाण्यात, आणि मग सुटून वर यायचं. जाई व्हाइस कॅप्टन आहे. आधी ती उलटून दाखवणार, मग बाकीच्या.

मी म्हटलं, तू जाऊ नकोस. ती म्हणाली, "व्हाय? गिव्ह मी वन रीझन, लाह." 

शिरीष

हौगांग
१४ जून

दादा,

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, अशी गत झाली आहे. आता तू राग बाजूला ठेव आणि हे पत्र वाच. वहिनी, त्याला बळंच वाचायला लावा.

जाड दोरीला तीन टोकांचा आकडा बांधला आणि काठावरून मखर ओढायला गेलो. आकडा कमानीत बसला. मी ओढलं, पाय रोवून ओढलं. काहीतरी कडाडलं आणि आकडा सुटून आला, त्याला जाळीचा एक तुकडा. मखर मात्र आला नाही. उलट आधी आडवा पडला होता तो आता एका पायावर उभा राहिलाय. पाणी आणखी उतरलंय. ऊन बरोबर पडलं की वरची कमान दिसते, पाण्याखाली कमरेइतकी, आणि तिच्या भोवती माळा हलत असतात. त्या कमानीत मासे अजून येऊन उभे राहतात. आता मला त्यांची भीती वाटते.

काल तिथे पिवळे तरंगते बोये लागले. कयाकवाल्यांची हद्द. रेन ट्री हद्दीच्या आत आहे.

तू म्हणशील, गाढवा, जाऊन सांग ना कोणाला तरी. सांगू काय? मी बँकेत कंप्लायन्सला आहे. चांगी बिझनेस पार्कच्या सातव्या मजल्यावर बसून दिवसभर लोकांना नियम मोडू नका म्हणून सांगतो, हेच माझं पोट. नागरिकत्वाचा अर्ज आत आहे, जाईचं पुढचं सगळं त्यावर आहे. पिण्याच्या पाण्यात सामान बुडवलं म्हणून नाव लागलं तर अर्जही गेला आणि नोकरीही गेली. फोनवर निनावी तक्रार करता येते. सगळी लिहिली, शेवटचं बटण दाबायचं राहिलं. पण काठावर कॅमेरे आहेत, दादा. मखर वर काढला की ते पहिलं हेच बघतील, हा इथे आणला कोणी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पोरीचा जीव मोठा की अर्ज मोठा, हे मला कळत नाही असं समजू नकोस. कळतं, म्हणूनच झोप उडाली आहे.

शाळा सोमवारी २९ तारखेला उघडते, आणि त्याच दिवशी ते ड्रिल. त्याच्या आत तो मखर बाहेर आला पाहिजे. म्हणजे आत उतरावं लागणार. तू सांग कसं करू. तू कोंडातून अडकलेली खांदी कशी काढायचास? मी खाली जायचो आणि तू काठावर दोरी धरायचास एवढंच आठवतं. एक हिसका म्हणजे सोड, दोन म्हणजे ओढ. आधी काय कापायचं, कुठून शिरायचं, ते सगळं तू वरून ओरडून सांगायचास, मी कधी लक्षातच ठेवलं नाही. गरज काय होती? तू होतास ना काठावर.

इथे दोरी धरायला कोणी नाही. सुलेखा पुण्याला आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला गेली आहे, आणि असती तरी तिला काय तोंडाने सांगणार. फोन कर, दादा. नंबर तोच आहे. एक शब्द बोलू नकोस हवं तर, नुसतं कसं करायचं ते सांग आणि ठेव.

शिरीष

हौगांग
२७ जून, शनिवार संध्याकाळ

दादा,

फोन आला नाही. वाट बघितली. ठीक आहे. हे पत्र तुला मिळेल तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल आणि मी इथे पाय पसरून चहा पीत असेन, म्हणून जरा निवांत लिहितो.

उद्या पहाटे जातो. जाई शाळेच्या कॅम्पला आहे, उद्या संध्याकाळी येईल. ती यायच्या आत मखर कापून, पिशव्यांत भरून, घरी आणलेला असेल. मग टाऊन काउन्सिल, गाद्या, काय वाटेल ते. देवाची माफी मागून झाली आहे. आज दिव्याला तेल घातलं आणि म्हटलं, बाबा रे, तुझ्याच मखराचं हे असं झालंय, तूच बघ.

अंकलना विचारून बघितलं, उद्या सकाळी जरा थांबाल का माझ्याबरोबर. त्यांनी माझ्याकडे बघितलं, झाडाकडे बघितलं आणि म्हणाले, "दॅट साइड आय डोन्ट गो. यू ऑल्सो डोन्ट गो, लाह." त्यांचं बरोबर आहे. त्यांचं कोणी सोमवारी तिथे उलटं होणार नाहीये.

सगळा विचार केला आहे, काळजी करू नकोस. करत नसशीलच. चांगली जाड दोरी घेतली आहे. एक टोक माझ्या कमरेला, दुसरं रेन ट्रीच्या बुंध्याला. झाड माणसापेक्षा घट्ट धरतं, आणि रुसून घरात बसत नाही. हे लागलं तर लागू दे. आधी खालचा पाय मोकळा करून कमान ओढून घेतो, ती वर आली की जाळी आणि माळा आपोआप मागून येतील. सुलेखाची शिवणाची मोठी कात्री घेतली आहे. खोली आता जेमतेम दीड पुरुष. कोंड तर तीन पुरुष होता आणि मी तळाची वाळू मुठीत घेऊन यायचो. तेव्हा मला रक्तदाबाची गोळी नव्हती हे खरं. डॉक्टरांनी परवा ती वाढवून दिली, पण ते जाऊ दे.

फोन गळाच्या पिशवीत ठेवीन, झाडाखाली. आवाज मोठा करून ठेवीन. तुला सद्बुद्धी झालीच तर.

गंमत सांगू? आज संध्याकाळी नुसता बघायला गेलो होतो. वारा नव्हता, पाणी अगदी पडून होतं. कमानीच्या बरोबर मधोमध एक मोठा तोमान उभा होता. गणपती बसतो तिथे. हलत नव्हता, नुसता माझ्याकडे बघत होता. मी दगड मारला तरी गेला नाही.

दादा, भीती वाटते रे. तेवढंच लिहायचं होतं, बाकी सगळा पाल्हाळ.

तुझा
शिरीष

मु. पो. लांज्याजवळ, आपलं घर
२८ जून, रविवार

शिरीष,

आशीर्वाद.

तुझी पत्रं मी फोडली नव्हती. देव्हाऱ्यामागे ठेवत होतो. काल पोस्टमन आणखी एक देऊन गेला. आज सकाळी तुझ्या वहिनीचं डोकं फिरलं. तिने सगळी फोडली आणि ओसरीवर बसून मोठ्याने वाचली. मी पाठ करून बसलो होतो. घोरपडीपर्यंत बसलो. मग उठून तिच्या हातातून घेतली.

तेव्हापासून फोन लावतोय. रिंग पुरी जाते, कोणी उचलत नाही. सुलेखाला लावला, तीही म्हणते घरी कोणी उचलत नाही, रविवारी तो गळ घेऊन जातो, येईल. तिला बाकीचं मी काही सांगितलं नाही. पत्र पोचायला दिवस लागतील हे मलाही कळतं. पण बसवेना म्हणून लिहितोय.

पहिलं, उतरायचं नाही. मी येतो. पासपोर्ट आहे माझ्याकडे. तुझ्याकडे यायला म्हणून काढला होता, मग तू गणपती वेगळा केलास आणि तो ट्रंकेत गेला. आमच्या पोराला तिकीट बघायला बसवलंय. मी येईपर्यंत त्या शाळेत जाऊन सरळ सांग, पाण्यात अडचण आहे, पोरींना उतरवू नका. अर्ज गेला तर गेला. नोकरी गेली तर इथे घर आहे, ते मी कुठे वेगळं केलंय? आणि मखर पाण्यात सोडलास ते बरोबरच केलंस. गाद्यांवर टाकला असतास तर तुझं तोंड बघितलं नसतं. यंदाचा तुझा गणपती तिकडेच बसव, मखर मी करून देतो, वेताचा, दोरीचा एक धागा नाही त्यात.

दुसरं, नीट ऐक. अडकलेल्याला खालून हात लावायचा नाही. आधी वरून, पाण्याबाहेर राहून, लोंबणारं सगळं कापायचं. कमान शेवटी. कमान आधी ओढलीस तर जाळी तुझ्याच अंगावर येईल.

आणि दोरी झाडाला बांधू नकोस. तू तेच करणार, मला ठाऊक आहे. लहानपणी एकदा मी विडी आणायला गेलो तर तू जांभळीला बांधून उतरला होतास, आणि मी तुझ्या कानाखाली जाळ काढला होता. तू समजलास दादा उगाच मारतो. अरे, झाडाला हिसका कळत नाही. तू खालून दोनदा काय, शंभरदा ओढलंस तरी झाड उभंच राहणार.

वहिनी म्हणते, झोपला असेल, तुम्ही अपशकुनी बोलू नका. ती देवाजवळ बसली आहे. मी ओसरीवर आहे. परत लावतोय. वाजतोय.

उचल रे.

दादा